सोमवारपर्यंत म्हणजे ‘बाय मंडे’ की ‘टिल मंडे’?

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नुकतीच लागलेली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. तुळशीच्या लग्नानंतर तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं, म्हणून गुरुवार ते सोमवार तिला सुट्टी हवी होती. बुधवारी निघताना तिनं साहेबांना मेल टाकला, ‘आय विल बी ऑन लीव्ह बाय मंडे.’ शुक्रवारी सकाळी यवतमाळला मांडवात हळदीची धावपळ सुरू असताना तिचा फोन वाजला. ‘तुम्ही आज आला का नाहीत?’ मेल तर केला होता, मग हे काय, तिला काही कळेना. साहेबांचंही चुकलं नव्हतं. तिनं लिहिलेल्या वाक्याचा अर्थ ‘सोमवार येईल तोवर केव्हातरी माझी सुट्टी सुरू झालेली असेल’ असा निघतो. तिला म्हणायचं होतं ‘सोमवारपर्यंत मी सुट्टीवर आहे’, आणि त्यासाठी ‘टिल मंडे’ लिहायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात क्लासला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ‘मॅडम, दोन्हीचा अर्थ पर्यंतच होते ना?’

होतो. शब्दकोशात ‘बाय’समोरही ‘पर्यंत’ सापडतं आणि ‘टिल’समोरही. म्हणून ही चूक मी मुलांच्या निष्काळजीपणात मोजत नाही. मराठीनं एका शब्दात जे भागवलं त्याला इंग्रजी दोन शब्द वापरते, एवढंच. त्यात आपण नागपूरकर दिवसभर मराठी आणि हिंदी दोन्ही बोलतो, आणि हिंदीतलं ‘तक’ही ‘पर्यंत’सारखंच दोन्हीकडे चालतं. गावाकडचं ‘पावतर’ घ्या, सरकारी कागदावरचं ‘पावेतो’ घ्या, तेही तसंच. चहूकडून एकच सवय पक्की होत गेली की इंग्रजी लिहिताना हात जो शब्द आधी सापडेल तो उचलतो.

पण एक गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगते. हा फरक तुम्हाला आधीपासून कळतो. मराठी तो ‘पर्यंत’मध्ये ठेवत नाही, क्रियापदात ठेवते. तुम्ही फक्त चुकीच्या जागी शोधत असता.

पहिली पायरी: ‘पर्यंत’ झाका, क्रियापद बघा

आपल्या घरातली दोन वाक्यं घ्या. ‘मार्चअखेरपर्यंत कूलर माळ्यावरून काढा.’ ‘जूनपर्यंत कूलर चालवा.’

आता दोन्हीतल्या ‘पर्यंत’वर बोट ठेवून तो झाका. पहिल्या वाक्यात उरतं ‘काढा’. कूलर काढणं एकदाच होतं. 10 मार्चला काढा, 25 ला काढा, 31 ला काढा, तारीख उलटली नाही म्हणजे झालं. दुसऱ्यात उरतं ‘चालवा’. हे एकदा करून संपत नाही. एप्रिल, मे, नवतपा, सगळा उन्हाळा कूलर चालू आहे आणि पाऊस आला की थांबतो.

फळ्यावर मी तारखेच्या जागी एक उभा खांब काढते. ‘टिल’साठी खडू आडवा धरते आणि डावीकडून खांबापर्यंत जाड पट्टा ओढत आणते, मध्ये कुठेही न उचलता. ‘बाय’साठी खांबाच्या डावीकडे कुठेतरी एकच ठिपका देते. ठिपका खांबाला टेकला तरी चालतो, खांब ओलांडून गेला की उशीर झाला. हे चित्र वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

म्हणजे कूलर काढणं ‘बाय द एंड ऑफ मार्च’, आणि कूलर चालवणं ‘टिल जून’.

दुसरी पायरी: राहणं आणि टाकणं

ऐन वेळी चित्र आठवेलच असं नाही, म्हणून कानाची एक कसोटी सांगते. ती आपल्या बोलीतच आहे. पुण्याकडे ‘करतोय’ म्हणतात, आपण ‘करून राहिलो’ म्हणतो. चालू असलेल्या कामाला ‘राहणं’ जोडायची सवय आपल्या तोंडात इतकी मुरलेली आहे की इथल्या मुलांना ही कसोटी चटकन जमते.

वाक्य मनात मराठीत म्हणा. त्यात ‘करत राहीन’ बसलं तर ‘टिल’. ‘करून टाकीन’ किंवा ‘झालेलं असेल’ बसलं तर ‘बाय’.

‘मी आठपर्यंत ऑफिसात आहे.’ आठपर्यंत ऑफिसात राहीन. ‘टिल एट’.

‘मी आठपर्यंत घरी येतो.’ आठपर्यंत घरी येत राहीन? कोणी असं बोलत नाही. आठपर्यंत घरी पोचलेला असेन. ‘बाय एट’.

‘पोळ्यापर्यंत निंदण झालं पाहिजे.’ आटोपून टाकलं पाहिजे, म्हणून ‘बाय’. ‘पोळ्यापर्यंत पाऊस चांगला होता.’ पडत राहिला, म्हणून ‘टिल’.

बऱ्याच वाक्यांचा निकाल इथेच लागतो. अडतं कुठे, तर ज्या वाक्यात दोन्ही बसतात. ‘रविवारपर्यंत हे पुस्तक वाचीन.’ वाचत राहीन की वाचून टाकीन? मराठीत आपण स्वरावरून आणि संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत आधी स्वतःला विचारावं लागतं की मला नेमकं काय म्हणायचं आहे. वाचून संपवायचं असेल तर ‘आय विल फिनिश द बुक बाय संडे’, आणि रविवारी पुस्तक परत द्यायचं असल्यानं तोवर वाचत बसायचं असेल तर ‘आय विल रीड इट टिल संडे’. असंच ‘दहा तारखेपर्यंत सामान गोदामात ठेवा’ हे वाक्य. सामान तिथे राहू द्यायचं असेल तर ‘कीप इट देअर टिल द टेन्थ’. अजून आणून ठेवायचंच असेल तर ‘पुट इट देअर बाय द टेन्थ’. बघा, ‘ठेवा’ या एका क्रियापदाची इंग्रजीत दोन क्रियापदं झाली. अशा वाक्यांवर थोडा जास्त वेळ घालवला तरी तो वाया जात नाही, कारण मालाचे आणि पैशाचे घोटाळे याच वाक्यांत होतात.

तिसरी पायरी: क्रियापदांच्या जोड्या तोंडात बसवा

सेंड, सबमिट, पे, रिटर्न, रीच, अराइव्ह, फिनिश, कम्प्लीट, डिसाइड ही क्रियापदं बहुतेक वेळा ‘बाय’ मागतात, कारण ती एका क्षणी पूर्ण होतात. वेट, स्टे, वर्क, स्लीप, कीप, रिमेन, कंटिन्यू, आणि ‘ओपन आहे’ किंवा ‘व्हॅलिड आहे’ यांसारख्या स्थिती ‘टिल’ मागतात. रोज पाच वाक्यं मोठ्यानं म्हणा. ‘सबमिट बाय, वेट टिल’ असं जोडीनंच तोंडात बसलं की लिहिताना थांबावं लागत नाही.

आपल्याकडच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे’ ही आहे. परदेशातला माणूस हे वाचतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर सोमवारपर्यंत एकसारखा रिपोर्ट पाठवत बसलेला कर्मचारी उभा राहतो. संदर्भावरून तो समजून घेतो, पण प्रत्येक वेळी त्यानं समजून घ्यावं असं आपण का लिहावं?

चौथी पायरी: ‘नाही’ आला की पुन्हा तपासा

इथे मात्र सावकाश वाचा. चांगलं इंग्रजी येणारेही इथेच घसरतात.

‘नऊपर्यंत बस येणार नाही.’ येणं म्हणजे ठिपका, मग ‘बाय’, असं वाटतं ना? पण ‘येणार नाही’ ही ठिपक्यासारखी गोष्ट नाही. बस नसणं चालू राहतं. साडेआठला नाही, पावणेनऊला नाही, नऊ वाजेस्तोवर नाहीच. म्हणजे नकारानं ठिपक्याचा पट्टा केला. म्हणून इंग्रजीत दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

‘द बस वोन्ट कम टिल नाइन’ म्हणजे नऊच्या आधी बस नाही, नऊला येईल. बोलणारा तुम्हाला वेळ सांगतो आहे. निवांत चहा घ्या.

‘द बस वोन्ट कम बाय नाइन’ म्हणजे नऊला यायला हवी होती, पण ती गाठ काही पडत नाही. नंतर केव्हा येईल हे वाक्य सांगत नाही. रिक्षा बघा.

मराठीत दोन्हीला आपण ‘नऊपर्यंत येणार नाही’ म्हणतो, किंवा पहिल्यासाठी ‘नऊशिवाय येत नाही’ असं म्हणतो. हा ‘शिवाय’ फार कामाचा आहे. नकारी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘शिवाय’ किंवा ‘च्या आधी’ घालून बघा. अर्थ तोच राहिला तर ‘टिल’. आमच्याकडे दूधवाला सहाशिवाय येत नाही, ‘ही डझन्ट कम टिल सिक्स’. आणि ज्या दिवशी सहा वाजून गेले, दूध नाही, मुलाची सकाळची शाळा आहे, त्या दिवशी ‘ही डिडन्ट कम बाय सिक्स’.

पाचवी पायरी: ‘जोपर्यंत नाही’मधला ‘नाही’ इंग्रजीत नेऊ नका

मराठीत आपण म्हणतो, ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत इथेच उभे राहू.’ हिंदीत ‘जब तक बारिश नहीं रुकती’. दोन्ही भाषांत ‘नाही’ लागतोच. म्हणून मुलं सरळ लिहितात, ‘अंटिल द रेन डझन्ट स्टॉप, वी विल वेट.’

इंग्रजीतला ‘अंटिल’ तो ‘नाही’ स्वतःच्या पोटात घेऊन आलेला असतो. पुन्हा घातला की तो दुप्पट होतो. ‘अंटिल द रेन स्टॉप्स’ एवढंच म्हणा. सोपा उपाय असा की इंग्रजीत नेण्याआधी मराठी वाक्यच बदलून घ्या. ‘जोपर्यंत थांबत नाही’च्या जागी ‘थांबेपर्यंत’ म्हणा. ‘पैसे मिळत नाहीत तोपर्यंत’ऐवजी ‘पैसे मिळेपर्यंत’. ‘साहेब सही करत नाहीत तोपर्यंत’ऐवजी ‘साहेब सही करेपर्यंत’. मराठीनंच ‘नाही’ काढून टाकला की इंग्रजीत तो येणार कुठून?

याच वाक्यात आणखी एक काटा आहे. ‘थांबेपर्यंत’ पुढची गोष्ट आहे म्हणून मुलं ‘अंटिल द रेन विल स्टॉप’ लिहितात. ‘अंटिल’नंतर पुढची गोष्टही साध्या वर्तमानकाळातच सांगतात, ‘अंटिल इट स्टॉप्स’. ‘विल’ हवा असेल तर तो मुख्य वाक्यात येतो, ‘वी विल वेट’.

सहावी पायरी: ‘-ईपर्यंत’ आणि ‘बाय द टाइम’

‘तो येईपर्यंत थांब.’ ‘तो येईपर्यंत स्वयंपाक झाला होता.’ दोन्हीत ‘येईपर्यंत’ आहे. पहिल्यात थांबत राहायचं आहे, म्हणून ‘वेट अंटिल ही कम्स’. दुसऱ्यात स्वयंपाक होऊन गेलेला आहे, म्हणजे ‘बाय’ हवा. पण ‘बाय’नंतर थेट ‘ही केम’ चालत नाही. ‘बाय’ला पुढे नाम लागतं, मंडे, टेन ओक्लॉक, दिवाळी असं काहीतरी. अख्खं वाक्य जोडायचं असेल तर मध्ये ‘द टाइम’चा पाट टाकावा लागतो, ‘बाय द टाइम ही केम, डिनर वॉज रेडी’. ‘अंटिल’ला असा पाट लागत नाही.

‘आतापर्यंत’ आणि बाकीचे ‘पर्यंत’

‘ती आतापर्यंत पोचली असेल’ हे ‘बाय नाऊ’. ‘आतापर्यंत तीन अर्ज आले’ याला इंग्रजीत ‘सो फार’ जास्त शोभतं. ‘टिल नाऊ’ म्हटलं की यापुढे काहीतरी बदलणार आहे असा वास येतो. ‘टिल नाऊ आय वॉज इन महाल’ (महाल म्हणजे नागपुरातला एक भाग) ऐकलं की पुढे ‘आता घर बदललं’ येणार असं वाटतं.

अंतर आणि आकडे यांना ‘बाय’ही नको आणि ‘टिल’ही नको. मेट्रोनं खापरीहून सीताबर्डीपर्यंत जायचं असेल तर ‘टू सीताबर्डी’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज सीताबर्डी’ म्हणा. पाचशे रुपयांपर्यंत खर्च हा ‘अप टू फाइव्ह हंड्रेड’.

‘टिल’ आणि ‘अंटिल’ यांच्या अर्थात फरक नाही. ‘टिल’ हे ‘अंटिल’चं तोडून केलेलं रूप आहे असं बरेच जण शिकवतात. तसं नाही, ‘टिल’ हा दोघांतला जुना शब्द आहे. वाक्याच्या सुरुवातीला किंवा औपचारिक मजकुरात ‘अंटिल’ बरा दिसतो, बोलण्यात ‘टिल’. स्पेलिंगकडे मात्र लक्ष द्या. ‘टिल’च्या शेवटी दोन एल, ‘अंटिल’च्या शेवटी एकच.

सातवी पायरी: खांब आत की बाहेर

तारीख लिहिली की वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो, तो दिवस धरायचा की नाही? ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार सहसा धरतात, पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत हे तो शब्द सांगत नाही. ‘बिफोर फ्रायडे’ म्हटलं तर शुक्रवार गेला, गुरुवारी काम संपलं पाहिजे. पैशाचं किंवा कराराचं काम असेल तर ‘ऑन ऑर बिफोर’ लिहा, म्हणजे वादाला जागाच राहत नाही. ‘टिल’च्या बाबतीतही तसंच. सुट्टी ‘टिल मंडे’ लिहिली तर सोमवारी तुम्ही कामावर आहात की घरी, हे कोणाला नीट कळत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी म्हणूनच पूर्ण वाक्य लिहायला लावलं, ‘आय विल बी ऑन लीव्ह टिल मंडे अँड विल बी बॅक ऑन ट्यूजडे.’ परतायचा दिवस सांगितला की शंका संपली.

अमेरिकेतल्या लोकांशी काम करणाऱ्यांनी ‘थ्रू’ ओळखून ठेवा. ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार धरून. आणि घड्याळही बघा. न्यूयॉर्कपेक्षा आपण त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. त्यांच्या शुक्रवार संध्याकाळच्या सहाला आपल्याकडे शनिवारची पहाट झालेली असते. ‘बाय फ्रायडे’ लिहिलं तर कोणाचा शुक्रवार? वेळ आणि ठिकाण दोन्ही लिहा.

एक संदेश दुरुस्त करून पाहू

काटोलकडचा एक तरुण बागाईतदार माझ्याकडे शनिवारी येतो. घरची संत्र्याची बाग आहे आणि आता तो बंगळुरूच्या व्यापाऱ्याशी स्वतः बोलतो. आंबिया बहाराच्या वेळी त्यानं लिहिलेला संदेश मला दाखवला. पाठवायच्या आधी दाखवला हे फार बरं झालं.

‘ऑरेंजेस विल बी अव्हेलेबल बाय टेन्थ जॅन्युअरी. प्लीज कन्फर्म टिल फ्रायडे. अंटिल वी डोन्ट रिसीव्ह अ‍ॅडव्हान्स, वी कॅनॉट लोड द ट्रक. ट्रक विल रीच टिल संडे.’

पहिलं वाक्य सगळ्यात महागात पडलं असतं. त्याला म्हणायचं होतं की 10 जानेवारीपर्यंत माल आहे, नंतर बाग रिकामी. व्यापाऱ्यानं वाचलं असतं की 10 जानेवारी येईतो माल तयार होईल. तो दहा तारखेनंतर निवांत ट्रक पाठवता आणि इकडे झाडावर एक फळ नसतं. मी त्याला विचारलं, ‘भाऊ, संत्री असत राहतील की एकदा येऊन जातील?’ तो लगेच म्हणाला, ‘राहतील ना मॅडम, दहापावतर.’ मग ‘टिल’.

दुसऱ्या वाक्यात होकार एकदाच द्यायचा आहे, देऊन टाकायचा आहे, म्हणून ‘बाय फ्रायडे’. तिसऱ्यात मी काही सांगितलं नाही. ‘मिळत नाही तोपर्यंत’ खोडून त्यानं वहीत ‘मिळेपर्यंत’ लिहिलं आणि ‘डोन्ट’ स्वतःच काढला. ‘कॅनॉट’ मात्र तसाच ठेवायचा. तो मुख्य वाक्यातला नकार आहे, ‘अंटिल’च्या पोटातला नाही. चौथ्यात ट्रक पोचणं हा एक ठिपका, म्हणून ‘बाय’.

दुरुस्त झालेला संदेश असा होता:

‘ऑरेंजेस विल बी अव्हेलेबल टिल टेन्थ जॅन्युअरी. प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे. अंटिल वी रिसीव्ह द अ‍ॅडव्हान्स, वी कॅनॉट लोड द ट्रक. द ट्रक विल रीच बाय संडे.’

पाठवायचं बटण दाबण्याआधी तो थांबला, खांब आत की बाहेर ते आठवलं असावं, आणि ‘संडे’च्या पुढे त्यानं ‘मॉर्निंग, सेव्हन ओक्लॉक’ जोडलं.